शेवटचे पन्नास मीटर: ड्रोनसमोर बारा बोअरची बंदूक

ताशी १०० किलोमीटर वेगाने थेट तुमच्यावर येणारा ड्रोन ५० मीटरवर असताना दिसला, तर तो आदळेपर्यंत हातात १.८ सेकंद असतात. तेवढ्यात बंदूक खांद्याला लावायची, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. युक्रेनच्या आघाडीवर ही वेळ रोज कुणावर ना कुणावर येते. त्या पावणेदोन सेकंदांसाठी दोन्ही बाजूंचे सैनिक आता छर्ऱ्यांची बंदूक जवळ बाळगतात. आपल्याकडे कोकणात वानर-रानडुकरांपासून बाग राखायला शेती संरक्षणाच्या परवान्यावर जी बारा बोअर घरात असते, तिच्याच जातीची.

अनेकांना ही निव्वळ नाइलाजाची गोष्ट वाटते. दुसरं काही मिळालं नाही म्हणून शिकारीची बंदूक काढली, असं. नाइलाज आहेच. पण या कामासाठी हीच बंदूक निवडण्यामागे पक्कं गणित आहे. ते समजलं की ती कुठे कामाला येते आणि कुठे अजिबात येत नाही, हेही कळतं. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिच्यावर नको तेवढा भरवसा ठेवला, तर किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते.

आधी कोणता ड्रोन, ते ठरवू

बातम्यांत सगळ्यालाच ड्रोन म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. इराणी बनावटीचा शाहेद साडेतीन मीटर लांब आणि दोनशे किलोच्या घरातला असतो. तो शेकडो किलोमीटर उडून शहरांवर पडतो. त्याच्यासाठी तोफा, क्षेपणास्त्रं आणि आता त्याचा पाठलाग करणारे वेगळे ड्रोन आहेत. खांद्यावरच्या बंदुकीचा तो विषय नाही.

आपला विषय आहे लहान ड्रोन, आणि त्यातही दोन प्रकार. एक म्हणजे डीजेआय कंपनीच्या मॅव्हिकसारखा, किलोपेक्षाही हलका, लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसला. तो उंचावर स्थिर राहून टेहळणी करतो, कधी वरून हातबॉम्ब सोडतो. दुसरा एफपीव्ही, म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू. हा मुळात शर्यतीसाठी बनलेला ड्रोन. चालवणारा डोळ्यांवर चष्मा चढवून ड्रोनच्या कॅमेऱ्यातून पाहत असतो. कार्बन फायबरची चौकट, चार मोटरी, सात किंवा दहा इंचांचे पंखे, वर पट्ट्याने बांधलेली बॅटरी, आणि बऱ्याचदा आरपीजी-७ या खांद्यावरून डागायच्या रॉकेट लाँचरचा स्फोटक गोळा. किंमत साधारण ४०० ते ५०० डॉलर. हा परत जाण्यासाठी येतच नाही. तो माणसाच्या, गाडीच्या किंवा खंदकाच्या तोंडाच्या दिशेने सुटतो आणि आदळून फुटतो.

या एफपीव्हीवरचा पहिला उपाय होता जॅमर. ड्रोन रेडिओ लहरींवर चालतो, म्हणून त्याच लहरींवर गोंगाट सोडायचा. चालवणाऱ्याच्या पडद्यावर मुंग्या येतात आणि ड्रोन भरकटतो. २०२३ मध्ये हा उपाय बऱ्यापैकी चालला. २०२४ मध्ये रशियाने ऑप्टिकल फायबरवर चालणारे ड्रोन मैदानात आणले आणि डाव पालटला. ड्रोनच्या पोटाशी केसासारख्या बारीक काचतंतूचं रीळ असतं. ड्रोन उडतो तसा तंतू मागे सुटत जातो आणि चित्र व आज्ञा त्यातूनच येतात-जातात. दहा-वीस किलोमीटरपर्यंत. रेडिओच नाही, मग जाम काय करणार? शिवाय सैनिकांच्या कमरेला ड्रोनची चाहूल लागली की वाजणारी छोटी यंत्रं असतात, तीही गप्प राहतात. असा ड्रोन रस्त्याच्या कडेला मोटर बंद करून बसून राहू शकतो आणि गाडी दिसली की उठतो.

युक्रेननेही लवकरच तेच तंत्र उचललं. अशा ड्रोनसमोर आता दोन्ही बाजूंच्या माणसाकडे चाहूल घ्यायला स्वतःचे डोळे आणि कान, आणि पाडायला हातातलं हत्यार, एवढंच उरलं.

मग रायफल का नाही?

रायफल तर प्रत्येकाकडे असतेच. कलाश्निकोव्हची गोळी चारशे मीटरवरचा माणूस टिपते, मग तीस मीटरवरचा ड्रोन का नाही?

आकडे मांडून पाहू. कलाश्निकोव्ह मिनिटाला साधारण ६०० गोळ्यांच्या वेगाने झाडते, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचं अंतर. ताशी १०० किलोमीटरने आडवा जाणारा ड्रोन तेवढ्या वेळात पावणेतीन मीटर पुढे सरकतो. सात इंची पंख्यांचा एफपीव्ही एका मोटरपासून समोरच्या मोटरपर्यंत जेमतेम ३० सेंटिमीटर असतो, आणि मध्ये बरीचशी पोकळीच. एक गोळी तो असतो तिथे पोहोचते, तर पुढची येईपर्यंत तो एका मोटारगाडीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त पुढे गेलेला असतो. त्यात बंदूक धक्क्याने वर उचलली जाते. सबंध मॅगझिन रिकामं करूनही ड्रोन सुखरूप जातो.

वर झाडलेली रायफलची गोळी कुठेतरी पडतेच. ती काही किलोमीटर जाऊ शकते, आणि तिकडे आपलीच माणसं असू शकतात. बारीक छर्रे अडीचशे मीटरच्या आसपास जमिनीवर येतात आणि तोवर त्यांच्यात जीव उरलेला नसतो.

काडतुसाच्या आत

बारा बोअरचं काडतूस हातात घेतलं तर बुडाला पितळी टोपण आणि वर प्लास्टिकची किंवा जाड पुठ्ठ्याची नळी दिसते. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली अशी काडतुसं महाराष्ट्रातल्या परवानाधारकांच्या चांगल्या ओळखीची आहेत. बुडाच्या मध्यभागी टोपी असते. तिच्यावर बंदुकीची पिन आपटली की ठिणगी पडते. तिच्यावर दारू, दारूवर प्लास्टिकची छोटी वाटी, आणि वाटीत छर्रे. दारू पेटली की वायू वाटीला ढकलतो. वाटी छर्ऱ्यांसकट सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने नळीतून बाहेर पडते, हवेच्या रेट्याने तिच्या पाकळ्या उघडतात आणि ती मागे पडते. छर्रे सुटे होऊन पुढे जातात आणि जाता जाता पांगतात.

हे पांगणं म्हणजे बी फोकून पेरण्यासारखं आहे. हात आखडता राहिला तर बी एका जागी दाट पडतं, फार फाकला तर मधे मधे रान मोकळं राहतं. बंदुकीत हा हात म्हणजे चोक, नळीच्या तोंडाशी ठेवलेला किंचितसा आखूडपणा. सगळ्यात घट्ट चोक लावला की सुमारे ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे पडतात, हा शिकारीच्या जगातला जुना ठोकताळा आहे. चोक नसलेल्या सरळ नळीतून तिथे ४० टक्केच पोहोचतात. पोलिसांकडच्या किंवा दरोड्याच्या सिनेमांतल्या आखूड नळीच्या बंदुका या कामाला कमी पडतात, त्याचं कारण हेच. ड्रोनसाठी लांब नळी आणि घट्ट चोकच लागतो, जसा बदकांच्या शिकाऱ्याला लागतो.

छर्रा केवढा हवा, यावर मात्र आघाडीवर अजून वाद चालतात, आणि ते रास्त आहेत. ३२ ग्रॅम शिशाचं काडतूस धरू. ८.४ मिलिमीटरचे मोठे छर्रे घेतले, जे आपल्याकडे एसजी म्हणून ओळखले जातात, तर नऊच बसतात. त्यांतले सहा त्या वर्तुळात आले तर दोन छर्ऱ्यांत सरासरी २७ सेंटिमीटरचं अंतर. एवढ्या फटीतून ड्रोन जवळजवळ अख्खा निसटतो. साडेचार मिलिमीटरचे घेतले तर साठेक बसतात आणि अंतर दहा सेंटिमीटरवर येतं. तीन मिलिमीटरचे घेतले तर दोनशेच्या आसपास, आणि फट सहा सेंटिमीटरहून कमी. मग बारीकच का घेऊ नयेत? कारण बारीक छर्रा हलका. हवा त्याचा वेग पटकन खाते आणि चाळीस मीटरवर कार्बन फायबरच्या चौकटीवर तो टकटक करून खाली पडू शकतो.

म्हणजे दाट हवेत आणि जडही हवेत. शिशाच्या काडतुसात या दोन गोष्टी एकत्र फार जमत नाहीत. उत्तर म्हणून टंगस्टन पुढे आला. त्याची घनता शिशाच्या १.७ पट आहे, म्हणून छर्रा लहान असूनही जोर टिकवतो. इटलीच्या बेनेली कंपनीने आपल्या एम४ बंदुकीची ड्रोनविरोधी आवृत्ती काढली, तिच्या जोडीला टंगस्टन छर्ऱ्यांचं काडतूसच आहे. अडचण किमतीची. टंगस्टन महाग, आणि शिकायला तर हजारो काडतुसं उडवावी लागतात. सराव शिशावर आणि लढाई टंगस्टनवर, अशी विभागणी त्यामुळे शहाणपणाची वाटते.

ड्रोन पाडायला त्याचे तुकडे करावे लागत नाहीत, ही या सगळ्यातली जमेची बाजू. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक जरी पंखा मोडला तरी तोल जातो आणि तो गिरक्या घेत खाली येतो. पंखे प्लास्टिकचे असतात. बॅटरीत छर्रा घुसला, कॅमेरा फुटला, मोटरची तार तुटली, तरी काम झालं.

नेम ड्रोनवर धरायचा नाही

नवशिक्याला सगळ्यात जड जाते ती ही गोष्ट. छर्रा ३५ मीटर जायला सेकंदाचा साधारण दहावा भाग घेतो, आणि तेवढ्यात आडवा जाणारा ड्रोन पावणेतीन मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून नेम त्याच्या पुढच्या रिकाम्या आकाशावर धरायचा. किती पुढे, ते ड्रोनचा वेग, अंतर आणि कोन यांवर ठरतं, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदात. कागदावर गणित करून हे येत नाही. बंदूक ड्रोनच्या मागून फिरवत आणायची, त्याला ओलांडायचं, ओलांडताना चाप ओढायचा आणि ओढल्यावरही हात थांबवायचा नाही. हात थांबला की छर्रे मागे पडतात.

क्ले टार्गेटच्या खेळात नेमकं हेच शिकवतात. मातीरंगी तबकडी जेमतेम ११ सेंटिमीटर रुंद असते आणि ऑलिंपिकच्या ट्रॅपमध्ये ती ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा ते भारतीय लष्करात अधिकारी होते. त्या प्रकारात दोन तबकड्या एकदम सुटतात आणि दोन्ही फोडायच्या असतात. आज खंदकातल्या माणसाला हेच कसब हवं आहे.

युद्धात याचा उपयोग नवाही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बॉम्बर विमानांवरच्या तोफचींना मशिनगन देण्याआधी छर्ऱ्यांच्या बंदुकीने तबकड्या फोडायला लावल्या. त्यातला एक सराव तर चालत्या ट्रकवर उभं राहून होता, कारण तिथे नेमबाजही हलतो आणि लक्ष्यही. आता युक्रेनमध्ये पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात मागे तोंड करून बंदूकधारी बसवतात. त्याला हाच सराव लागतो.

समोरून थेट येणाऱ्या ड्रोनला पुढे नेम धरावा लागत नाही, हे ऐकून दिलासा वाटतो. पण तिथे दुसरी आफत असते. तो पाडला तरी त्याचा वेग कुठे जात नाही. पंधरा मीटरवर छर्रे लागले तर तो पुढे गडगडत येऊ शकतो, आणि स्फोटक त्याच्या अंगावरच असतं. म्हणून पहिला बार चाळीस-पन्नास मीटरवर, चुकला तर दुसरा पंचवीस-तीसवर, आणि मग जमिनीवर झोकून द्यायचं. तिसऱ्याला सहसा वेळ नसतो. आपोआप भरणारी बंदूक पंप ओढायच्या बंदुकीपेक्षा इथे का चांगली, ते यावरून कळेल.

जे तिला जमत नाही

शंभर-दीडशे मीटर उंचीवर थांबून पाहणारा मॅव्हिक तिच्या टप्प्यातच नाही. बॉम्ब तिथूनच पडतो. रात्री उष्णता टिपणारा कॅमेरा लावून येणारा ड्रोन माणसाला दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि आवाजावर नेम धरता येत नाही. दोन ड्रोन दोन दिशांनी आले तर एक बंदूक एकाकडेच वळते. बंदूक तीन-साडेतीन किलोची, काडतुसं वेगळी, आणि सैनिकाच्या अंगावर रायफल, चिलखत, पाणी, औषधं आधीच असतात. सगळ्यांनी ती बाळगणं परवडत नाही. एका गटात एकाकडे बंदूक द्यावी आणि त्याने चालताना जमिनीकडे न बघता आकाशाकडे बघावं, ही वाटणी मला सगळ्यात पटते. ज्याच्याकडे दोन्ही कामं असतात, त्याच्या हातात ऐन वेळी चुकीचं हत्यार असतं.

याच अडचणीवर युक्रेनने २०२५ मध्ये होरोशोक नावाची ५.५६ मिलिमीटरची गोळी पुढे आणली. ती साध्या रायफलमधून सुटते आणि नळीबाहेर पडल्यावर अनेक तुकड्यांत विभागते. सैनिकाला दुसरी बंदूक लागत नाही, ड्रोनचा आवाज आला की मॅगझिन बदलायचं. टप्पा साधारण तोच, पन्नासेक मीटर. छर्ऱ्यांच्या बंदुकीइतकी दाट फेक तिच्यात येत नाही. पण हातात असलेली मध्यम गोष्ट छावणीत राहिलेल्या उत्तम गोष्टीपेक्षा बरी.

इस्रायलच्या स्मॅश दुर्बिणीची वाट वेगळी आहे. ती रायफलवर बसते, लक्ष्याच्या हालचालीचा हिशेब करते आणि गोळी लागेल अशा क्षणीच बार होऊ देते. ती घेण्याचा निर्णय भारतीय नौदलाने २०२० मध्येच केला. काही जण तर बंदुकीची नळीच ड्रोनवर बसवून शत्रूचा मॅव्हिक हवेत गाठतात. बंदुकीचा धक्का हलका ड्रोन उलथवतो, म्हणून त्यात मागच्या बाजूनेही वजन फेकायची सोय करावी लागते.

या सगळ्याच्या वर-खाली आणखी थर असतात. रस्त्यांवर ताणलेली जाळी, गाड्यांवरचे पिंजरे, जॅमर, तोफा. युक्रेनच्या खेर्सोन शहरात नागरिकांसाठीही रस्त्यांवर जाळ्या लावाव्या लागल्या, कारण तिथे ड्रोन बाजारात निघालेल्या माणसाच्या, सायकलस्वाराच्या आणि रुग्णवाहिकेच्या मागे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये हे हल्ले मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला बारा बोअर देऊन प्रश्न सुटत नाही. त्याला जाळी हवी, तळघर हवं आणि ड्रोन सोडणाऱ्यांवर कारवाई हवी.

आपल्याकडे

८ आणि ९ मे २०२५ च्या मधल्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं भारताने अधिकृतपणे सांगितलं. त्या दिवसांत एल-७० आणि झेडयू-२३ सारख्या जुन्या विमानवेधी तोफा कामाला आल्या. त्यांचा टप्पा किलोमीटरांत आहे. नागपूरच्या सोलार कंपनीने बनवलेल्या भार्गवास्त्राची चाचणी त्यानंतर लगेच, १३ मे रोजी ओडिशातल्या गोपाळपूरला झाली. छोटी रॉकेटं अडीच किलोमीटरपर्यंत जाऊन फुटतात आणि वीस मीटरच्या परिघातले ड्रोन पाडतात, अशी ती रचना आहे. थवा लांबून येत असेल तर हेच लागतं. पण एफपीव्ही हा सीमेवरच्या चौकीसमोरच्या झाडीतून उठणारा ड्रोन आहे. रॉकेटचा आणि तोफेचा थर चुकवून आलेला एकटा ड्रोन पन्नास मीटरवर दिसला, तर चौकीतल्या जवानाकडे त्या क्षणासाठी काहीतरी असायला हवं. छर्ऱ्यांची बंदूक स्वस्त आहे, शिकवायला शिक्षक आपल्या लष्करातच आहेत आणि काडतुसं बनवायचा अनुभव खडकीला आहे. ही तयारी आधी करून ठेवायला हवी, कारण हे कसब चार दिवसांत येत नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे जिल्ह्यातल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या येत होत्या, लोक रात्र रात्र जागत होते. पुन्हा तसं झालं तर घरातली परवान्याची बंदूक आकाशाकडे रोखू नये. शेती संरक्षणाचा परवाना त्यासाठी दिलेला नसतो. निष्काळजीपणे बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या शस्त्र कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तो ड्रोन जमीन मोजणीचा किंवा फवारणीचाही असू शकतो. शंका वाटली तर वेळ आणि दिशा टिपून ११२ वर कळवावं. पडलेला ड्रोन सापडला तर हात न लावता लांब थांबावं, मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि पोलिसांची वाट पाहावी.